मराठी ई-पुस्तके: अक्षरांपासून विक्रीपर्यंत

मराठी ई-पुस्तकांची विक्री रुजायला इंग्रजीच्या मानाने जवळजवळ दशकभर उशीर लागला. मराठीला वाचकच नव्हते म्हणून हा उशीर झाला असे पुष्कळदा बोलले जाते. ते खरे नाही. वाचक होते, आणि पुण्या-मुंबईपासून जितके लांब तितके ते पुस्तकांसाठी अधिक आसुसलेले होते. पण आधी पडद्यावर मराठी अक्षर धड उमटण्याचा प्रश्न सुटावा लागला, मग लेखक-प्रकाशकांमधल्या हक्कांचा, आणि सर्वांत शेवटी पन्नास-शंभर रुपयांची रक्कम वाचकाकडून प्रकाशकाकडे जायची कशी याचा. हा शेवटचा गुंता सुटेपर्यंत २०१६ साल उजाडले होते.

जगात ई-पुस्तकाची कल्पना त्याच्या कितीतरी आधीची. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट यांनी ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकून इतरांना वाचायला ठेवला आणि त्यातून 'प्रोजेक्ट गटेनबर्ग' उभा राहिला. ते वाटप होते, विक्री नव्हती. हातात धरून वाचायचे 'रॉकेट ईबुक'सारखे यंत्र १९९८ मध्ये आले, पण फार चालले नाही. मार्च २००० मध्ये स्टीफन किंग यांची 'रायडिंग द बुलेट' ही दीर्घकथा केवळ ई-रूपात निघाली आणि पहिल्या दिवसात सुमारे चार लाख प्रती उतरवून घेतल्या गेल्या, तेव्हा प्रकाशकांचे डोळे उघडले. तरी खरे वळण आले ते १९ नोव्हेंबर २००७ रोजी. ॲमेझॉनने ३९९ डॉलरला आणलेल्या किंडलचा पहिला साठा साडेपाच तासांत संपला. त्याचा पडदा डोळ्यांवर प्रकाश फेकत नव्हता, शाईने छापल्यासारखा स्थिर दिसत होता, आणि पुस्तक विकत घ्यायला संगणकाची गरज नव्हती. यंत्र स्वतःच बिनतारी जोडणीने ते मागवून घेई. मे २०११ मध्ये ॲमेझॉनने जाहीर केले की आता छापील पुस्तकांपेक्षा आपली किंडल-पुस्तके जास्त खपतात. त्यानंतर किमतींवरून मोठी लढाई झाली. ॲपल आणि पाच बडे प्रकाशक यांनी संगनमताने किमती चढवल्या म्हणून अमेरिकन सरकारने २०१२ मध्ये खटला भरला आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने ॲपलविरुद्ध निकाल दिला. मोठ्या प्रकाशकांची ई-विक्री त्या सुमारास शिगेला पोचून नंतर ओसरू लागली आणि छापील पुस्तक आपल्या जागी टिकून राहिले. भारतात किंडलचे रुपयांतले दुकान ऑगस्ट २०१२ मध्ये उघडले, पण त्यात मराठीला अधिकृत जागा नव्हती.

ती का नव्हती हे समजायला पुण्या-मुंबईच्या छापखान्यांत डोकवावे लागते. १९९० नंतर मराठी छपाई खिळ्यांच्या जुळणीकडून झपाट्याने डीटीपीकडे वळली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती अशा प्रणाली गावोगावच्या डीटीपी ऑपरेटरच्या हातात बसल्या. त्यांनी मराठी प्रकाशनावर मोठे उपकार केले. पुस्तके लवकर, स्वस्तात आणि देखणी निघू लागली. अडचण पोटात होती. या प्रणालींतला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हताच. इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर मराठी आकार चढवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची ही मांडणी निराळी. तीच फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की कादंबरीच्या जागी रोमन अक्षरे, कंस, टिंबे आणि उद्गारचिन्हे यांची रांग दिसे. कागदावर छापायचे असेपर्यंत यात काही बिघडत नव्हते. फिल्म निघाली, प्लेट झाली, पुस्तक बांधून आले की फाइलचे काम संपे. पुष्कळ फाइली ज्या संगणकावर होत्या तिथेच राहिल्या आणि संगणक मोडीत निघाला तेव्हा त्याच्याबरोबर गेल्या. मराठीतली हजारो पुस्तके संगणकावर जुळवली गेली आणि तरी त्यांची ई-प्रत उरली नाही, ही हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

यावरचा उपाय कागदोपत्री फार आधी तयार होता. युनिकोडच्या ऑक्टोबर १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे संकेत मिळाले होते. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फाँट आला आणि मराठी संकेतस्थळे हळूहळू युनिकोडवर गेली. ग्रंथव्यवहार मात्र जुन्या फाँटांनाच धरून राहिला, कारण ज्या पेजमेकरवर पुस्तकांची पाने लागत त्याला युनिकोड कळत नव्हते. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्येही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे नीट जुळवण्याची सोय २०१२ च्या आवृत्तीत आली. म्हणजे लेखक ब्लॉगवर युनिकोडमध्ये लिही, आणि त्याचेच पुस्तक करताना तो मजकूर उलट जुन्या फाँटात बदलून घेतला जाई.

जुनी फाइल युनिकोडमध्ये आणायला परिवर्तक मिळत, पण त्यांच्यावर विसंबता येत नसे. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे याच्या उलट: 'कर्म' लिहिताना ऑपरेटर क आणि म टंकून मग म च्या डोक्यावर रफार चढवी, तर युनिकोडला क, पाय मोडलेला र आणि म असा क्रम लागतो. परिवर्तक चुकला की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसे. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत घोटाळा होई आणि डोंगरातली वाट समुद्रात जाई. ओळीच्या शेवटी तोडलेले शब्द पडद्यावर मधेच संयोगचिन्ह घेऊन येत. तीनशे पानांची कादंबरी ई-पुस्तकासाठी तयार करायची तर मुद्रितशोधकाला ती पहिल्यापासून पुन्हा वाचावी लागे. छापील पुस्तक झाले की ई-पुस्तक आपोआप आणि फुकटात निघते ही समजूत त्यामुळे मराठीपुरती तरी सपशेल चुकीची होती. त्यात अक्षरांच्या वळणाचा प्रश्न. मराठी वळणाचे ल आणि श कोणते हे सांगणारा शासन निर्णय महाराष्ट्र सरकारने ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला, पण परदेशात घडलेल्या फोनांवर आणि वाचनयंत्रांवर बहुतेक वेळा हिंदी वळणच दिसत राहिले.

साहजिकच अनेकांनी सोपा रस्ता धरला: छपाईच्या पानाचीच पीडीएफ. अक्षर जसेच्या तसे उमटे, मुद्रितशोधन वाचे. पण डेमी आकाराचे पान चार इंची पडद्यावर वाचायचे म्हणजे प्रत्येक ओळ बोटाने डावीकडून उजवीकडे सरकवायची. अक्षर मोठे केले की मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार पुन्हा वाहत नाही. २००७ मध्ये ठरलेल्या ईपब या आंतरराष्ट्रीय स्वरूपात ती सोय होती, पण त्याला शुद्ध युनिकोड मजकूर लागे, आणि घोडे पुन्हा तिथेच अडे.

या सगळ्या अडचणी असूनही मागणी वाढत होती आणि ती बाहेरून येत होती. अजय गल्लेवाले यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या 'मायबोली'ने परदेशातल्या मराठी माणसांना संगणकावर मराठी वाचण्या-लिहिण्याची सवय लावली होती. अमेरिकेत पुस्तक पाठवायचे तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त होई. पण लांबचा वाचक म्हणजे फक्त अमेरिकेतला नव्हे. झाशीहून ललितपूरच्या वाटेवर सुमारे पंचवीस किलोमीटरवर बबीना ही लष्करी छावणी आहे. तिच्या माळांवर रणगाड्यांच्या गोळीबाराचा सराव चालतो. देशभरातले जवान आणि अधिकारी तिथे बदलीवर येतात, दोन-तीन वर्षे राहतात आणि पुढे जातात. अशा ठिकाणी मराठी पुस्तकांचे दुकान चालण्याची शक्यताच नाही. छापील पुस्तक हवे तर पुण्याला पत्र किंवा फोन करायचा, व्ही.पी. किंवा रजिस्टर पार्सलची वाट पाहायची, आणि बदली झाली की पुस्तकांची खोकी सामानात आणखी एक ओझे. झाशीची गोष्ट थोडी वेगळी. नेवाळकर घराण्याच्या राज्यामुळे तिथे मराठी घराणी आली आणि स्थिरावली, पण मराठी ग्रंथव्यवहार त्यांच्यामागे कधी आला नाही. १८५८ च्या वेढ्यात झाशीत अडकलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' हे झाशीवरचे अनमोल मराठी पुस्तक. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेली त्याची आवृत्ती आज हक्कमुक्त आहे, आणि ज्या शहराचे ते वर्णन करते तिथला वाचक ती फोनवर उघडू शकतो. ई-पुस्तकाचे मोल पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत उभे राहून कळत नाही; ते अशा ठिकाणी कळते.

ही भूक छापील पुस्तकांनी भागवण्याचा एक मोठा प्रयत्नही याच काळात झाला. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधाराने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. ग्रंथपेट्या वस्त्या-वस्त्यांत फिरू लागल्या आणि २०१४ मध्ये दुबईपर्यंत गेल्या.

ई-पुस्तकांच्या बाजूने पहिले पाऊल विनामूल्य वाटपाचे होते. सुनील सामंत यांच्या ई साहित्य प्रतिष्ठानने २००८ पासून नव्या-जुन्या लेखकांची पुस्तके पीडीएफ करून ईमेलने वाचकांना पाठवायला सुरुवात केली. छापील आवृत्ती काढायला कुणी तयार होणार नाही अशा कितीतरी लेखकांना त्यातून वाचक मिळाले. जुन्या साहित्याला कायद्याने वाट करून दिली. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांचे सारे साहित्य मोकळे झाले, आणि 'श्यामची आई' छापील, ई-रूपात, फुकट आणि विकत अशी सर्व बाजूंनी उपलब्ध झाली. संतसाहित्य, हरिभाऊ आपटे, राम गणेश गडकरी यांच्यावर तर कुणाचाच हक्क उरलेला नव्हता. या मोकळ्या पुस्तकांनी वाचकाचा डोळा पडद्याला सरावला, पण 'ई-पुस्तक म्हणजे फुकट' ही खूणगाठही त्याच्या मनात बसली. ती सोडवायला प्रकाशकांना पुढे फार कष्ट पडले.

विक्रीचा पाया घातला तो पुण्याच्या 'बुकगंगा'ने. मंदार जोगळेकर यांनी २०१० च्या सुमारास उभे केलेले हे दुकान मराठीच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले होते. एकाच पानावर छापील पुस्तक आणि त्याची ई-प्रत, दोन्हींच्या किमती शेजारी-शेजारी. विकत घेण्यापूर्वी काही पाने चाळून पाहण्याची सोय. आणि ई-प्रत वाचायला स्वतःचे ॲप. प्रकाशकांची मुख्य धास्ती होती की फाइल एकदा बाहेर गेली की जगभर फुकट फिरेल. ॲपच्या कुलपामुळे ती थोडी कमी झाली. दिवाळी अंकही ई-रूपात मिळू लागले. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये घातलेली दिवाळी अंकाची प्रथा आता टपालाची वाट न पाहता वसुबारसेच्या आत सातासमुद्रापार पोचू शकत होती. कार्ड हाताशी असलेला परदेशस्थ वाचक हे अशा दुकानाचे सुरुवातीचे हक्काचे गिऱ्हाईक. विशेष म्हणजे याच बुकगंगाने पुढे डेक्कन जिमखान्यावरचे इंटरनॅशनल बुक सर्व्हिस हे जुने दुकानही चालवायला घेतले. ई-विक्रेत्याला छापील पुस्तकाचा काउंटर सोडावासा वाटला नाही. प्रकाशकांपैकी मेहता पब्लिशिंग हाऊसचे सुनील मेहता यांनी ई-पुस्तकांत लवकर आणि मनापासून उडी घेतली. त्यांच्या यादीत अनुवादित पुस्तके भरपूर होती, आणि त्यासाठी परदेशी प्रकाशकांशी करार करताना ई-हक्क हे वेगळे कलम असते हे त्यांना ठाऊक होते.

मराठीत ते पुष्कळांना ठाऊक नव्हते. जुने करार एका पानाचे, कित्येकदा तोंडी. त्यांत आवृत्ती, प्रतींची संख्या आणि मानधन एवढेच. कॉपीराइट कायद्यातली २०१२ ची दुरुस्ती २१ जूनला लागू झाली तेव्हा तिने हा प्रश्न ऐरणीवर आणला. करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमाचा हक्क प्रकाशकाकडे जात नाही, असे तिने सांगितले. म्हणजे १९७० किंवा १९८० मध्ये दिलेल्या पुस्तकाची ई-प्रत काढायची तर लेखकाकडे, आणि तो हयात नसेल तर सगळ्या वारसांकडे, पुन्हा जाणे आले. त्याच कायद्यात आणखी दोन कलमे आहेत: मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचे धरायचे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर ते भारतापुरतेच. ज्या ई-पुस्तकाचे उत्सुक गिऱ्हाईक न्यू जर्सीत बसले आहे, त्याच्या प्रकाशकाच्या दृष्टीने हे दुसरे कलम फार महत्त्वाचे होते. मराठीतली अनेक गाजलेली पुस्तके वर्षानुवर्षे ई-रूपात आली नाहीत यामागे प्रकाशकाचा आळस कमी आणि वारसांच्या सह्यांची जुळवाजुळव जास्त होती.

राहिला पैशांचा प्रश्न. महाराष्ट्रातल्या सर्वसामान्य वाचकाकडे २०१२-१३ मध्ये क्रेडिट कार्ड नव्हते, आणि पन्नास रुपयांच्या पुस्तकासाठी कार्डाचा क्रमांक व वर पुन्हा पासवर्ड टंकायची त्याची तयारीही नव्हती. 'न्यूजहंट' या ॲपने इथे एक चतुर वाट काढली. भारतीय भाषांतली वृत्तपत्रे फोनवर दाखवणाऱ्या या कंपनीने मराठीसह अनेक भाषांतली ई-पुस्तके विकायला घेतली आणि किंमत थेट मोबाइलच्या बॅलन्समधून वळती करण्याची सोय केली. टॉकटाइम भरावा तसे पुस्तक घेता येऊ लागले. २०१५ मध्ये हे ॲप 'डेलीहंट' झाले आणि पुढे त्याचे लक्ष बातम्या आणि व्हिडिओकडे गेले, पण छोट्या रकमेला भारतीय भाषांतले पुस्तक खपते हे त्याने दाखवून दिले.

मग २०१६ चे अखेरचे चार महिने आले. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झाले आणि डेटाचे दर कोसळले. त्याच सुमारास बँकांची यूपीआय ॲप्स लोकांच्या फोनवर येऊ लागली. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि ज्यांनी कधी फोनवरून पैसे दिले नव्हते त्यांना ते शिकणे भाग पडले. १ डिसेंबरला ॲमेझॉनने किंडलवर हिंदी, तमिळ, मराठी, गुजराती आणि मल्याळम या पाच भाषांची पुस्तके अधिकृतपणे आणल्याची घोषणा केली. यांतले काहीही केवळ मराठी वाचकाकडे पाहून ठरलेले नव्हते, पण ते एकत्र घडले आणि मराठी ई-पुस्तकाच्या वाटेतले अडसर एका हंगामात दूर झाले. वाचनयंत्र विकत घेण्याचीही सक्ती नव्हती, किंडलचे ॲप नेहमीच्या स्मार्टफोनवर चाले. बबीना छावणीतल्या क्वार्टरमध्ये बसलेल्या वाचकाला रात्री अकरा वाजता मराठी कादंबरी घ्यावीशी वाटली तर ती मिनिटभरात त्याच्या हातात येऊ लागली.

लेखकांनाही याचा फायदा झाला. ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशन सेवेत मराठी समाविष्ट झाल्यावर प्रकाशकाशिवाय पुस्तक काढणे शक्य झाले. तिथे मानधन ३५ किंवा ७० टक्के मिळते. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकायचे नाही ही अट. छापील मराठी पुस्तकावर सर्वसाधारणपणे दहा-पंधरा टक्के मिळवणाऱ्या लेखकाला हा आकडा मोहात पाडणारा होता. त्यामुळे रहस्यकथा, विज्ञानकथा, प्रवासवर्णने, तांत्रिक विषयांवरची छोटी पुस्तके अशा, छापील बाजारात मागे पडलेल्या, लेखनाला नवे दार मिळाले. संपादक आणि मुद्रितशोधक यांच्या नजरेखालून न गेलेले बरेच कच्चे लेखनही त्याच दाराने आत आले.

सरकारची भूमिका मधल्या काळात डळमळीत होती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा छापील पुस्तके करमुक्त राहिली आणि ई-पुस्तकांवर १८ टक्के कर बसला. एकच मजकूर कागदावर असेल तर ज्ञान आणि पडद्यावर असेल तर चैन, असा हा भेद होता आणि तो अन्यायाचा होता. वर्षभराने, २७ जुलै २०१८ पासून, ज्यांची छापील आवृत्तीही आहे अशा ई-पुस्तकांवरचा कर ५ टक्क्यांवर आला. केवळ ई-रूपात निघणाऱ्या पुस्तकाला ही सवलत नव्हती. नव्या, धडपडणाऱ्या लेखकाचीच त्यात अडचण झाली.

२०१७ च्या अखेरीस स्वीडनची 'स्टोरीटेल' ही श्राव्य पुस्तकांची कंपनी भारतात आली आणि तिच्या सुरुवातीच्या भाषांत मराठी होती. स्वयंपाक करताना, लोकलमध्ये उभ्याने, डोळे अधू झालेल्या वयात पुस्तक ऐकणे मराठी माणसाला चटकन मानवले. नभोनाट्य आणि कीर्तन यांवर वाढलेल्या भाषेत ते होणारच होते. अक्षरांचे वळण, रफार, पीडीएफ यांपैकी कोणतीच अडचण आवाजाला येत नाही, त्यामुळे ई-पुस्तकाला जी मजल मारायला दहा वर्षे लागली ती श्राव्य पुस्तकाने फार लवकर गाठली.

२५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत पुस्तकांची दुकाने, ग्रंथालये, छापखाने, बांधणीची कामे सगळे एकदम थांबले. कागदावरचे पुस्तक हलवणेच अशक्य झाल्यावर ज्या प्रकाशकांनी ई-आवृत्त्या टाळल्या होत्या तेही त्यांकडे वळले. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य होतीच; त्या वर्षी छापील पुस्तक हाती येण्यापूर्वी असंख्य मुलांनी अभ्यास फोनवर सुरू केला. याच महिन्यांत चोरट्या पीडीएफचाही पूर आला. छापील पुस्तकाचे प्रत्येक पान फोनने टिपून केलेल्या फाइली व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर 'वाचनसंस्कृती वाढवा' अशा आवाहनासकट फिरल्या. हजार, कधी पाचशे प्रतींची आवृत्ती काढून ती दोन-तीन वर्षांत खपवणाऱ्या व्यवसायात अशी एक फाइल म्हणजे पुढच्या आवृत्तीचा घासच.

विक्रीच्या या वाढीत एक मोठे गिऱ्हाईक मात्र बाहेरच राहिले. मराठी पुस्तकांचा फार मोठा भाग सार्वजनिक ग्रंथालये घेतात. १९६७ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात बारा हजारांच्या आसपास ग्रंथालये उभी राहिली, आणि अनेक प्रकाशकांचे वर्षाचे गणित त्यांच्या खरेदीवर बेतलेले असते. ही सगळी व्यवस्था दाखल क्रमांक, कपाट आणि घरी नेण्याचे पुस्तक यांवर रचलेली आहे. ई-पुस्तक तिच्यात बसवायचे तर ते एका वेळी एकाच सभासदाला द्यायचे की अनेकांना, प्रकाशकाला किंमत एकदा द्यायची की दरवर्षी, हे ठरवावे लागते. परदेशातल्या ग्रंथालयांनी प्रकाशकांशी भांडून-भांडून याचे नियम बसवले. मराठीत ई-पुस्तकाची विक्री एकेकट्या वाचकालाच होत राहिली.

आणि त्या एकेकट्या वाचकाला जे मिळते ते छापील प्रतीसारखे मालकीचे नसते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या गिऱ्हाइकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत केले, तरी जगभर संताप झाला आणि कंपनीला माफी मागावी लागली. २६ फेब्रुवारी २०२५ पासून घेतलेले पुस्तक आपल्या संगणकावर उतरवून यंत्रात भरण्याची किंडलची जुनी सोयही बंद झाली. वाचक विकत घेतो तो वाचण्याचा परवाना. तो शेजाऱ्याला देता येत नाही, मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांसारखा विकता येत नाही, मुलांना वारसा म्हणून ठेवता येत नाही, आणि दुकान बंद पडले तर त्याचे काय होईल हे करारातल्या बारीक अक्षरांवर अवलंबून असते. म्हणून ई-प्रत वाचून आवडलेले पुस्तक पुन्हा छापील घेणारे वाचक मराठीत आहेत, आणि बहुतेक मराठी प्रकाशक आजही छापील आवृत्तीचा खर्च आधी मांडतात आणि ई-आवृत्ती त्यानंतर धरतात.